मातीवाचून पालक

डॉक्टरांनी गोळ्यांच्या नावांखाली एक रेघ मारली आणि रेघेखाली त्याच गिचमिड अक्षरात लिहिलं: पालक, मेथी, चवळी. मामाजींच्या रक्तात लोह फार कमी झालं होतं, आणि गोळ्या त्यांच्या पोटाला सोसत नव्हत्या.

"मग खाण्यातून जाऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "रोज एक हिरवी भाजी. चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. तेव्हाही असंच असलं तर भरती करून रक्त द्यावं लागेल."

भरती हा शब्द ऐकला आणि मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बाहेर बाकावर मामाजी चपलांकडे बघत बसले होते. काय म्हणाले डॉक्टर, असं त्यांनी विचारलं नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे, नेमकं त्यांनाही ठाऊक नाही. आयुष्यभर ते दर्यापूरकडच्या एका खेड्यात राहिले आणि शेती केली. मुलाच्या आजारपणात ते आमच्याकडे अकोल्याला आले, आणि मुलगा गेल्यावर इथेच राहिले. त्यांचा मुलगा म्हणजे माझा नवरा. आम्हाला मूल नाही. तेव्हा यंदा ज्येष्ठात तो गेल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी एवढ्या घरात आम्ही दोघं उरलो. मी त्यांना ठेवून घेतलं की ते माझ्यासाठी थांबले, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. सकाळी मी शाळेत जाते, तिथलं ग्रंथालय माझ्याकडे आहे. दुपारी परत येते तेव्हा ते गॅलरीतल्या खुर्चीवर, मी सोडून गेले होते तसेच बसलेले असतात.

ते दिवसेंदिवस पांढरे पडत चालले होते. दुसऱ्या मजल्यावर येताना तीनदा थांबत. एका वर्षात या घरातून दुसरं माणूस जाऊ नये, एवढंच माझं मागणं होतं. ते कुणाजवळ बोलायची ताकद नव्हती आणि कुणाकडे मागायचं तेही कळत नव्हतं.

भाजी मी करतच होते. आमच्या गल्लीत रोज सकाळी एक बाई गाडा घेऊन येते. तिच्याकडून पालक घ्यायचा, निवडायचा, धुवायचा, शिजवायचा. मामाजी पोळी ठेच्याशी खात, वरण-भात खात आणि भाजीची वाटी जशीच्या तशी बाजूला सारत.

"नाल्याच्या पाण्यावरची हाय थे," ते म्हणाले. "शहरातली समदी भाजी नाल्यावर करतेत. मी नाई खात."

मेथी आणली, तेच. चवळी आणली, तेच. एकदा तर त्यांनी गॅलरीतून वाकून गाडेवालीलाच सुनावलं. ती कंबरेवर हात ठेवून वर बघत म्हणाली, "बाबा, तुमाले नाल्याची वाटते तं नका खाऊ. पन असे वरून बोंबलू नका ना, माह्यं गिऱ्हाईक पळते."

मामाजी आत येऊन बसले. मी म्हटलं, "कुंडीत लावू का मग घरी?" पण कुंड्या आमच्याकडे चालत नाहीत. पूर्वी गॅलरीत चार कुंड्या होत्या, त्यांचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं. भांडण झालं, कागदावर सह्या झाल्या, आणि कुंड्या गेल्या. तेव्हा सगळं बोलणं नवऱ्यानेच केलं होतं. ते भांडण पुन्हा उकरून काढण्याची माझ्यात हिंमत नव्हती.

शाळेत एका रिकाम्या तासाला मी फोनवर पाहू लागले. मातीवाचून, नुसत्या पाण्यात भाजी करतात. हायड्रोपोनिक्स. झाकण लावलेला एक डबा, झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत रोपं, आणि रोपांची मुळं खालच्या पाण्यात. झाडाला लागणारं खत त्या पाण्यातच विरघळवायचं. नव्याने सुरुवात करणाऱ्यानं पालक लावावा, असं जो तो सांगत होता. खाली गळायला काही नाही, आणि नाल्याचा तर प्रश्नच नाही. मला वाटलं, हे जमेल.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी अमरावतीला गेले. तिथे एका हॉलमध्ये या विषयाचा दिवसभराचा वर्ग होता. अमरावती माझं माहेर, पण त्या दिवशी मी माहेरी गेले नाही. गेले असते तर बसवून घेतलं असतं, विचारपूस झाली असती. वर्गात वीसेक जण होते. शिकवणाऱ्या बाईंनी सगळं नीट सांगितलं. पेले, स्पंजचे तुकडे, खताच्या दोन बाटल्या, पाण्यातला क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर आणि एक पातळसं चोपडं, एवढं घेऊन मी संध्याकाळच्या बसमध्ये बसले. मूर्तिजापूर येईस्तोवर ते चोपडं वाचून संपलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. ज्येष्ठापासून मी पुरं वाचलेलं ते पहिलं पुस्तक. ते मला तेव्हा जाणवलं, आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

मामाजींनी सामान पाहिलं. एकेक पेला उचलून उजेडात धरला.

"माती कुठी हाय?"

"माती नाही लागत, मामाजी. पाण्यातच होतं."

"पाण्यात शिंगाडे होतेत."

"पालकही होतो."

"होईन, बाप्पा," ते म्हणाले. "आजकाल काईबी होते."

औषधाच्या दुकानातून एक रिकामा थर्माकोलचा डबा आणला. झाकणाला सुरीने सहा भोकं पाडली. वाकडी झाली, पण पेले बसले. बी रात्रभर भिजवलं, स्पंजच्या चिरांमध्ये ठेवलं, सात-आठ दिवसांत दोन-दोन पानं बाहेर आली. ती रोपं मी पेल्यांत बसवली, डबा पाण्याने भरला, चोपड्यात दिलेल्या मापाने दोन्ही बाटल्यांतलं खत घातलं, आणि शाळेत गेले.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या. सहाव्या दिवशी रोपं माना टाकून आडवी पडली. मी चोपडं पुन्हा वाचलं, खत कमी पडलं असेल म्हणून आणखी थोडं घातलं. ती मेली. दुसरी रोपं लावली, तीही तशीच गेली.

मी गॅलरीत डब्याशेजारी खाली बसले होते. उठायचा कंटाळा आला होता. मामाजी खुर्चीवरून उठले, गुडघ्यावर हात देत वाकले, एक बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"कोनतं पाणी हाय हे?"

"बोअरचं."

"अवो बाई, हे तं आमच्या गावचं पाणी हाय!"

मी अमरावतीत वाढले. तिथे आमच्या नळाला धरणाचं गोडं पाणी यायचं. लग्नानंतर इतकी वर्षं अकोल्यात काढली, पण बोअरचं पाणी फरशीला आणि संडासला, नळाचं पाणी प्यायला, यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. नळ आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतो. ते मोलाचं पाणी झाडांना कशाला, म्हणून मी बोअरचं घातलं. वर्गातल्या बाईंनी आधी साधं पाणी मोजा म्हणून बजावलं होतं. माझं ते राहूनच गेलं होतं. आता मीटर आणून बोअरच्या कोऱ्या पाण्यात धरलं. चोपड्यात म्हटलं होतं, खत घालण्याआधी आकडा तीनशेच्या आत असावा. मीटरवर सतराशेच्या वर आला.

"किती सांगते थे?" मामाजींनी विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांच्या जिभेशी मीटर जुळलं.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे, आणि मामाजींचं गाव त्यात येतं. वरची जमीन काळीभोर, कापूस-तूर-हरभरा उत्तम, पण जमिनीखालचं पाणी खारं. विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर एक-दोन हंगामांत जमीन कडक होते, वर क्षाराचं पांढरं फूल येतं. त्यामुळे सगळं पावसावर. मामाजींनी त्या दुपारी मला हे सांगितलं तेवढं ते त्या महिन्याभरात एकूण बोलले नसतील.

"हिवाया-उन्हायात आमच्याकडं हिरवी भाजी म्हनजे बजाराची," ते म्हणाले. "दर्यापूरच्या बजारातून ओल्या फडक्यात गुंडाळून आनायची. एस्टीतून. घरी येईस्तोर अर्धी सुकून जाये."

मग ते थांबले आणि खुर्चीवर जाऊन बसले. पुढे काही सांगायचं होतं असं वाटलं, पण मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे आज कळतं.

तेव्हापासून नळ आला की आधी एक बादली पालकासाठी बाजूला काढायची, असं ठरलं. ते पाणी झाकून ठेवायचं काम मामाजींनी घेतलं.

पुढची चूकही माझीच. खताच्या दोन बाटल्या वेगवेगळ्या का, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रोज दोन मापं मोजायचा आळस म्हणून मी दोन्ही बाटल्या एका मोठ्या बाटलीत ओतून ठेवल्या. सकाळी पाहते तर तळाशी पांढरा साका. मामाजींनी बाटली हलवून पाहिली.

"फाटलं," ते म्हणाले.

"हे दूध नाही, मामाजी."

"दूध नसन. पन फाटलं तं हाय."

ते खरंच होतं. ती दोन खतं दाट असताना एकत्र आली की एकमेकांना धरून दगड होतात, पाण्यात आधी एक पूर्ण मिसळून मगच दुसरं घालायचं असतं. चोपड्यात ते लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. वाचलेलं माझ्यात राहत नव्हतं. अमरावतीहून पुन्हा बाटल्या मागवल्या.

आणि पंप. पाण्यात हवा सोडायला माशांच्या टाकीला लावतात तसा एक छोटा पंप मिळतो. तो मी लावला. पाण्यात बुडबुडे येऊ लागले. बुड-बुड-बुड, एकसारखे, न थांबता. मी स्वयंपाकघरात होते. हातातली कणीक तशीच राहिली. दवाखान्यात नवऱ्याच्या पलंगामागे भिंतीवर ऑक्सिजनची बाटली होती, तिच्यातल्या पाण्यात अगदी असाच आवाज यायचा. एकवीस दिवस तो आवाज मी ऐकला होता. मी मनाला समजावलं की हा पंप आहे, झाडांना लागतो, आणि कणीक मळत राहिले.

दुपारी शाळेतून आले तर पंप बंद होता. वीज गेली असेल म्हणून चालू केला. दुसऱ्या दिवशी परत बंद. बटण दाबून बंद केलेलं.

"मामाजी, पंप बंद केलात का?"

"त्याचा आवाज लई होते," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

मी पिन काढली आणि पंप पेटीत घालून माळ्यावर ठेवून दिला. चोपड्यात शेवटच्या पानांवर बिनपंपाची रीत दिलेली होती. पाणी काठोकाठ भरायचं नाही. रोप जसं पाणी पितं तशी पातळी खाली जाते, वर राहिलेल्या जागेत मुळांना हवा मिळते. म्हणजे काही करायचं नाही, नुसतं सोडून द्यायचं. हे मला झेपण्यासारखं होतं. फक्त डब्यात उजेड जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पाणी हिरवं होतं. त्यासाठी मामाजींनी आपल्या मोडक्या छत्रीचं काळं कापड उसवून दिलं. मी ते डब्याला सुतळीने बांधलं, ग्रंथालयात पुस्तकांना कव्हर घालते तसं, कोपरे दुमडून.

पौषातली थंडी पालकाला मानवली. पानं तळहाताएवढी झाली. मामाजी दिवसातून दोनदा झाकण बोटभर उचलून आत बघत. एकदा त्यांनी मला हाक मारली. मी धावतच गेले, त्यांना काही झालं असं वाटून. त्यांनी एक पेला वर उचलून धरला होता. खाली वीतभर लांब मुळं लोंबत होती, पांढरीशुभ्र, त्यांवरून पाणी ठिबकत होतं.

"पाह्य," ते म्हणाले. "साठ वर्सं शेती केली. उपटल्याबिगर मूळ कधी दिसलं नाई. हे जितं मूळ हाय."

त्यांनी पेला हळूच परत ठेवला, निजलेल्या लेकराचा हात पांघरुणात घालावा तसा. मला वाटलं, आता खातील. इतकं हाताखालून गेल्यावर माणूस नक्की खातं.

ज्या दिवशी भाजी काढली तो दिवस मी मुद्दाम रजेचा धरला. बाहेरची पानं तोडली, मधला शेंडा ठेवला, म्हणजे पुन्हा फुटतो. दोन मुठी पालक निघाला. इतक्यासाठी अडीच महिने. मी डाळभाजी केली, आपल्याकडे लग्नात पंगतीला असते तशी. तुरीची डाळ, पालक, भिजवलेले शेंगदाणे, वरून लसणाची आणि लाल मिरचीची फोडणी. माझा नवरा लग्नाचं आमंत्रण आलं की आधी डाळभाजी आहे का विचारायचा. ते मला करताना आठवलं नाही असं कसं म्हणू. पण डाळभाजीत पालक थोडा असला तरी पोटात जातो, हाच माझा हिशोब होता.

ताट वाढलं. मामाजी बसले. पोळी मोडली, ठेच्याला लावली. वाटीकडे पाहिलं. मग बोटांनी ती हळूच बाजूला सारली. नेहमी सारत तितकीच.

मी समोर बसले होते. राग आला असं वाटलं, पण तो राग नव्हता. मी वाटी पुन्हा त्यांच्या ताटाजवळ सरकवली.

"मामाजी, ही नाल्याची नाही. तुमच्या डोळ्यांदेखत झालीये."

"हो."

"पाणी तुम्ही चाखलंत. कापड तुमच्या छत्रीचं."

"हो ना."

"मग? तुम्हाला भरती करावं लागेल, मामाजी. मला पुन्हा त्या जागी नाही जाता येणार. खरंच नाही येणार."

हे मी एवढ्या मोठ्याने बोलेन असं मला वाटलं नव्हतं. मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"पालक सोडला हाय मी," ते म्हणाले. "दहाव्याले. पूर्नेवर."

त्यांच्या घराण्यात रीत आहे. माणूस गेलं की दहाव्याला नदीवर त्याच्या नावाने एखादी आवडीची वस्तू सोडतात. कुणी आंबा सोडतं, कुणी एखादी भाजी. पुन्हा जन्मभर ती खायची नाही. बायका नदीवर जात नाहीत. मी त्या दिवशी घरीच होते, सतरंजीवर, भिंतीला टेकून. आम्हाला मूल नसल्याने सगळं बापाने केलं. तिथे काय झालं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"कावळा कसा लगेच शिवला," मामाजी सांगत होते. "लोकायचे तासन् तास बसतेत. काई कबूल करा लागते, याले सांभाळीन, त्याचं लगन करीन. माह्या पोरानं काईच मांगितलं नाई. पान ठेवलं आन् कावळा आला. तसाच होता ना थो. मले वाटलं, यानं तं काईच नाई मांगितलं, आपुनच काईतरी द्याव."

त्यांनी ताटातला घास उचलला आणि परत ठेवला.

"लहान होता तईं बजाराच्या दिवशी फाट्यावर येऊन उभा राहे. एस्टीची वाट पाहत. फडकं सोडून पाहे, पालक आनला का मेथी. पालक असला तं उड्या मारे. खाऊबिऊ त्याले काई नाई लागे, पालक पायजे. म्हून मंग पालकच सोडला."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मी तो आवाज ऐकत बसले.

"मग मला सांगायचं होतं ना," मी म्हटलं.

"सोडलेलं सांगत नसतेत, बाई. सांगतलं का थे हलकं होते."

"बरं, पालक सोडला. मेथी तर नाही ना सोडली? चवळी? ते का नाही खाल्लं इतके दिवस?"

मामाजींनी ठेच्यात बोट फिरवलं. मग खालमानेने म्हणाले, "मेथीबी त्याच गाड्यावरची. पालकाले नाल्याची म्हनून बसलो. मंग मेथी कोन्या तोंडानं खाऊ? तू शिकेल बाई हाय. धरलं असतं ना तू मले."

मला हसू आलं. काय करू, आलं. आठ महिने एक माणूस एका खोट्यासाठी मेथीला मुकला होता, पांढराफटक पडत चालला होता, आणि मी त्या खोट्यावर डबे, बाटल्या, मीटर रचत गेले होते. हसता हसता मी पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ काढता आला नाही.

"मिरची लागली काय?" मामाजींनी विचारलं.

"हो."

त्यांनी पाण्याचा गडू माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तू काय सोडलं?"

"मी कुठे आले होते नदीवर?"

"नदीचं नाई म्हनत. थो असताना तुह्या उशाशी चार-चार पुस्तकं राहत. जेवतानाबी एक हातात. आता नाई दिसत. सोडलं काय?"

त्यांनी हे पाहिलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दिवसभर पुस्तकांत असते मी. काढते, लावते, शिक्के मारते. घरी कोणतंही उघडलं की दुसऱ्या पानावर डोळे थांबतात. मी कुणाला हे बोलले नव्हते. माझ्यापुरतं मी त्याला एक नाव देऊन ठेवलं होतं, की नवऱ्यासोबत वाचनही गेलं. त्या नावाने थोडं बरंही वाटायचं.

"सोडलं नाही," मी म्हटलं. "होत नाही."

मामाजींनी यावर विचार केला. शेतीविषयी विचार करत तसा, भुवया आखडून.

"मंग थे सोडलेलं धरत नसतेत," ते म्हणाले. "नदीवर जाऊन, पाण्यात हात घालून सोडा लागते. घरी बसून सोडलं तं थे सुटत नाई, नुसतं लटकून राह्यते. ना त्याले पोचत, ना आपल्याले. घरातून एकानं सोडलं, पुरे झालं." त्यांनी आपल्या ताटाजवळची वाटी उचलून माझ्या ताटात ठेवली. "खाय माय. थंडी होऊन राहिली."

मी खाल्ली. पालक बाजारच्यापेक्षा कोवळा होता, चव जराशी फिकी. फोडणी चांगली झाली होती. मामाजी ठेच्याशी पोळी खात समोर बसले होते, आणि मी वाटी पुसून संपवेपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्याचा आवाज आला तेव्हा मी शाळेचा डबा भरत होते. पाहते तर मामाजी जिन्यात. कठड्याला धरून, थांबत थांबत खाली गेले. मी गॅलरीतून बघत राहिले.

"मेथीची जुडी दे एक," ते गाडेवालीला म्हणाले.

तिने तागडीवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. "काहो बाबा? नाला आटला काय?"

"मी लबाड बोललो होतो," मामाजी म्हणाले. "भाजी चांगली हाय तुही."

"मले मालूम होतं. माही भाजी आमच्या दिराच्या विहिरीवरची हाय. गोड्या पाण्याची."

"मंग थे काहून नाई सांगतलं तवा? मी एवढा वरून बोललो."

"गमीतलं घर होतं तुमचं, पोरगा गेलेलं," ती जुडी निवडत म्हणाली. "गमीतल्या मानसाशी काय भांडाव? घ्या, दोन घ्या. एक माह्याकडून."

मामाजी दोन जुड्या घेऊन वर आले. तीनदा थांबले. त्या दुपारी मी मेथी केली, डाळ घालून. त्यांनी दोनदा मागून घेतली. मी नजर ताटावर ठेवली, मोजल्यासारखं वाटू नये म्हणून.

डबा अजून गॅलरीत आहे. त्याची आता तशी गरज नाही. पालक पुन्हा फुटला आहे, तो मी एकटीच खाते, आठवड्यातून एखादेवेळी. दोन पेल्यांत मामाजींनी परवा मेथीदाणे टाकले. "घरचीबी होऊ दे," म्हणाले. मेथीला जाळीचा पेला बरोबर नाही, दाणे खाली गळतात, असं चोपड्यात आहे. मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी आपणच पेल्याच्या तळाला कापसाचा पातळ थर लावला.

रक्त पुढच्या महिन्यात तपासायचं आहे. जिन्यात परवा ते दोनदाच थांबले. त्याचा काही अर्थ काढायचा नाही असं मी ठरवलं आहे, तरी पायऱ्यांवरचा आवाज मी मोजतेच. काल दुपारी उशाशी एक पुस्तक घेतलं होतं. सहा पानं झाली, सातव्यावर डोळा लागला. जाग आली तेव्हा गॅलरीतून झाकण उचलल्याचा आवाज आला, आणि मग मामाजींचा, कुणाला उद्देशून नसलेला: "पाणी बराबर हाय."